हलका धान, भारी बॅट

शेतात हलका लावला की भारी, असे गोंदियाच्या शेतकऱ्याला विचारले तर तो वजन सांगत नाही, दिवस सांगतो. हलका म्हणजे लवकर निसवणारा धान. दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे तो कापून होतो आणि बांधी, म्हणजे धानाचे खाचर, मोकळी होते. भारी म्हणजे उशिराचा. त्याला कापायला नोव्हेंबरचा शेवट, कधी डिसेंबरही उजाडतो. पोत्यात भरून काट्यावर ठेवले की दोघांचे किलो सारखेच.

आमच्याकडचा क्रिकेटचा हंगाम या दोन शब्दांवर ठरतो. ज्याची बांधी हलक्या धानाची, त्याच्या दारात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गावातले पोट्टे हजर. धसकटे फावड्याने छाटायची, पाणी शिंपडायचे, धुम्मस फिरवायचा. दोन दिवसांत पट्टी तयार. चेंडू धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गेला की चार, धुरा न टेकता पलीकडच्या बांधीत पडला की सहा. शेजारच्या बांधीत भारी धान उभा असेल तर चेंडू शोधायला आत जायचे नाही, हा एकच नियम सगळे पाळतात. गावोगावच्या मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, दिवसांत दंडार, नाटक आणि टेनिस बॉलचे सामने अशी तिन्ही कामे एकाच वर्गणीतून होतात.

गेल्या वर्षी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात मंडईच्या चार दिवस आधी मी गेलो होतो. तिथे धान्य व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर अकरावीतल्या एका मुलाने आपली बॅट ठेवली. आकडा आला १,३४५ ग्रॅम. बॅट काश्मीर विलोची, जुनी, दुसऱ्याकडून अर्ध्या पैशांत घेतलेली. मुलगा अंगाने काटक. आखूड चेंडू आला की बॅट वर येईपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाकडे पोहोचलेला असे. त्याला सव्वाशे ग्रॅम कमी करून हवे होते आणि फटक्यातला जोर मात्र तसूभरही कमी व्हायला नको होता. त्यासाठी तो सुतारकाकांकडे निघाला होता. मीही मागोमाग गेलो, कारण शाळेत असताना हेच काम मी रंध्याने केले होते आणि त्याची गोष्ट आजही घरात कोणी ना कोणी काढतेच.

सुतारकाकांनी बॅट हातात घेतली, दोनदा हवेत फिरवली, नखाने पाठीवर टकटक केले आणि एवढेच विचारले, “वजन कमी करून देतो बाबू, पर कुठून?”

या विषयात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे. पोट्टे ‘किती’ विचारतात, दुकानदार ‘किती’ सांगतो आणि ‘कुठून’ राहून जाते.

क्रिकेटच्या नियमांनाही ‘किती’मध्ये फारसा रस दिसत नाही. बॅटची रुंदी १७७४ पासून बांधलेली आहे, सव्वाचार इंच, म्हणजे १०.८ सेंटिमीटर. त्याआधी १७७१ मध्ये थॉमस व्हाइट नावाचा एक गडी यष्ट्यांएवढी रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला, म्हणून हा नियम आला. लांबी १८३५ पासून ३८ इंचांवर थांबली. जाडीला मर्यादा यायला १ ऑक्टोबर २०१७ उजाडला. तेव्हापासून पाठीचा उंचवटा धरून ६.७ सेंटिमीटर आणि कडा ४ सेंटिमीटर, याहून जाड बॅट चालत नाही. डेनिस लिलीने डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत ॲल्युमिनियमची बॅट आणली, त्यानंतर पाते लाकडाचेच हवे असे नियमात आले. वजनावर मात्र अडीचशे वर्षांत कोणी बोट ठेवलेले नाही. ब्रॅडमनची बॅट सव्वादोन पौंडांच्या आतबाहेर होती, म्हणजे साधारण एक किलो. क्लाइव्ह लॉइड तीन पौंडांची बॅट दांड्यावर ग्रिपवर ग्रिप चढवून फिरवायचा. आपल्या सचिनची बॅट तीन पौंडांच्या वर. तिघांनीही धावांचे डोंगर रचले, म्हणून काट्यावरच्या आकड्याने कोणी फलंदाज ठरत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ.

सुतारकाकांच्या दारात कुऱ्हाड टेकवलेली होती. धामणीचा दांडा. आमच्या जंगलात कुऱ्हाडीच्या दांड्याला धामणच, कारण ती लवते आणि मोडत नाही. त्यांनी ती कुऱ्हाड मुलाच्या हातात दिली आणि दांड्याच्या टोकाला धरून फिरवायला लावली. मग उलटी करून, पात्याजवळ धरून फिरवायला लावली. दुसऱ्या वेळी कुऱ्हाड छडीसारखी फिरली. लोखंड तेवढेच, लाकूड तेवढेच. घरी बॅट उलटी धरून हाच प्रयोग कोणालाही करता येईल.

शाळेच्या पुस्तकातला हिशेब इथे कामाला येतो. फिरणाऱ्या वस्तूला फिरवताना जो विरोध होतो, तो हातापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. वरच्या हातापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे बॅटच्या खांद्याजवळ, दहा ग्रॅम लाकूड असेल तर त्याचा विरोध एक पट धरा. तेच दहा ग्रॅम ८० सेंटिमीटरवर, टोपाशी, असतील तर विरोध सात पट. काट्याला दोन्ही दहा ग्रॅम सारखेच दिसतात, मनगटाला नाही. मनगटाला जाणवते ती बॅटची उचल. आमच्याकडे तेंदूपत्त्याच्या आणि विटांच्या कामावर जाणारे मजूर ठेकेदाराकडून उचल घेतात, ती वेगळी आणि ही वेगळी. पण दोन्हींत एक साम्य आहे, जड झाली की माणूस उशिरा सुटतो.

मग सगळे वजन टोपातून काढून टाकावे, असे वाटेल. इथेच घोटाळा होतो. चेंडूला जो धक्का बसतो तो त्याच्या मागे उभ्या असलेल्या लाकडाचा. टोप आणि मधला भाग पोखरला तर बॅट भराभर फिरेल, पण चेंडूमागे काही उरणार नाही आणि मधोमध लागूनही हाताला झिणझिण्या येतील. बॅट जेवढी हलकी केली तेवढ्या प्रमाणात तिचा वेग वाढतो, असेही नाही, कारण तिच्याबरोबर आपल्याला आपले हातही फिरवावे लागतात आणि त्यांचे वजन कोणी तासून देत नाही.

टेनिस बॉल खेळणाऱ्यांना मात्र यात एक मोठी सूट आहे आणि गावातल्या पोरांना ती कोणी सांगत नाही. लेदरचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, टेनिसचा ५८ ग्रॅमचा. बाराशे ग्रॅमची बॅट लेदरच्या चेंडूच्या साडेसात पट आहे, टेनिसच्या चेंडूच्या वीस पट. वीस पटीची एकोणीस पट झाली तर चेंडूला काय फरक पडणार? ढोबळ हिशेब केला तर बॅट तेवढ्याच वेगाने फिरवून वजन शंभर ग्रॅमने उतरवल्यास लेदरच्या चेंडूचा वेग दोनेक टक्क्यांनी घटतो आणि टेनिसच्या चेंडूचा एका टक्क्याहूनही कमी. हलकी बॅट जरा लवकर येत असेल तर ही तूट तिथल्या तिथे भरून निघते. तरीही मंडईच्या सामन्यांना येणाऱ्या बॅटी पाहा, एकापेक्षा एक सोटे. भारी बॅट म्हणजे लांब षटकार, ही समजूत लेदर क्रिकेटमधून आली आणि टेनिस बॉलच्या बांधीत मुक्कामाला राहिली. तिची हकालपट्टी व्हायला हवी, असे माझे मत आहे.

सुतारकाकांनी पहिल्यांदा हत्यार उचललेच नाही, नुसती नखे वापरली. पात्यावरचे जुने प्लास्टिकचे आवरण, त्यावर चिकटवलेली फायबर टेप, तिच्यावर विजेच्या वायरची काळी टेप, कोण्या कंपनीचे तीन स्टिकर. सगळे गरम पाण्याच्या फडक्याने मऊ करून सोलून काढले. बॅट परत काट्यावर गेली, १,३०२. त्रेचाळीस ग्रॅम म्हणजे नुसता पेहराव होता. तडा गेलेल्या बॅटला टेप लावावीच लागते, पण या बॅटला तडा नव्हता. मित्राने लावली म्हणून याने लावली होती.

दांड्यावर दोन ग्रिप होत्या. मुलगा म्हणाला, एक काढू. काढली, तर काटा पंचेचाळीस ग्रॅमने उतरला. मुलाने बॅट फिरवली आणि तोंड वाकडे केले, कारण त्याला ती आधीपेक्षा जड वाटली. मग आम्ही दुसऱ्या पद्धतीने मोजले. दांड्याचे टोक एका विटेवर टेकवायचे, टोप काट्यावर ठेवायचा, बॅट आडवी आणि सपाट. काटा दाखवतो तो टोपाच्या वाट्याला आलेला भार. ग्रिप काढल्यावर पूर्ण बॅटचे पंचेचाळीस ग्रॅम गेले, पण टोपाचा भार जेमतेम आठ ग्रॅमने उतरला. हातात असलेले वजन गेले, हाताला ओढणारे तसेच राहिले आणि तोल आणखी खाली सरकला. ग्रिप परत चढवली. लॉइड एवढ्या ग्रिपा का चढवायचा, याचे एक उत्तर मला त्या विटेवर मिळाले. जाड दांड्याने खालच्या हाताचे मनगट आखडते हेही खरे आहे, तेव्हा ज्याची मूठ लहान त्याने दुसऱ्या ग्रिपच्या नादी लागू नये.

ही विटेची मोजणी प्रत्येकाने करावी. बॅट विकत घेतानाही करावी, दुकानदार हसला तरी. दोन बॅटी बाराशेच्या असू शकतात आणि एकीच्या टोपाचा भार सातशे वीस तर दुसरीचा सातशे ऐंशी निघू शकतो. दुसरी बॅट काट्यावर खोटे बोलत नाही, पण हातात काटा मारते.

आता लाकूड. पाते छप्पन्न सेंटिमीटर लांब आणि पावणेअकरा रुंद धरले तर पाठीवरून सरसकट एक मिलिमीटर तासल्याने पंचवीस-तीस ग्रॅम उतरतात. ऐकायला सोपे वाटते. मी नववीत असताना हेच केले होते. तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता, १ मे १९९९ पर्यंत आम्ही भंडाऱ्यातच होतो. माझ्या काकांची बॅट होती. रंधा घरचाच. पाठीवरचा उंचवटा मला फाजील वाटला, कारण चेंडू तर पुढून लागतो, पाठीला एवढे मांस कशाला? मी उंचवटा सपाट केला. बॅट सुरेख हलकी झाली. तिसऱ्या सामन्यात यॉर्कर खोदून काढताना ती मधोमध उभी चिरली आणि काका त्यानंतर चार महिने माझ्याशी कामापुरतेच बोलले.

पुढे कळले की पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाने ठरतो. जाडी एक दशांशाने घटवली की ताठपणा चौथाईहून अधिक घटतो. उंचवटा नेमका तिथे असतो जिथे चेंडू लागायला हवा. तो तासणे म्हणजे घराची मधली वलई पोखरून भिंतीला शोभा आणणे. १९७४ मध्ये ग्रे-निकल्सची स्कूप बॅट आली, तिने पाठीच्या मधून खोबण काढून वजन कडांकडे ठेवले. वरवर पाहता माझ्यासारखेच केले असे वाटेल. पण त्यांनी तसे पाते मुळापासून आखले होते. तयार बॅटची पाठ घरी बसून पोखरणाऱ्याने स्कूपचा दाखला देऊ नये.

सुतारकाकांनी वाकस बाजूला सारला, रंधाही सारला. कानस घेतली, पुढे काचेचा तुकडा, शेवटी पॉलिशपेपर. खांद्याजवळ, जिथे पाते दांड्याकडे निमुळते होते, तिथे दोन्ही बाजूंनी पाठीकडून काढले. तिथे चेंडू सहसा लागत नाही आणि लागला तर तो षटकार नसतो, झेल असतो. मात्र मधली कणा-रेघ शाबूत ठेवली, कारण त्याच ठिकाणी दांड्याची पाचर पात्यात उतरलेली असते आणि झटक्याचा सगळा ताण तिथे येतो. व्हीच्या आकाराची ही पाचर बसवण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, ब्रिटिश इंजिनिअर ब्रुनेलच्या हाताखाली शिकलेल्या चार्ल्स रिचर्डसन या रेल्वे इंजिनिअरची. सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्याचा तो पहिला मुख्य इंजिनिअर. आमचे गोंदिया जंक्शन, म्हणून हे सांगायला मला जरा जास्त आवडते. सुरुवातीच्या बॅटी अखंड लाकडाच्या असत आणि मोडल्या की मोडल्या.

मग टोप. टोपाचे दोन्ही कोपरे गोल केले, पाठीकडच्या बाजूने बोटभर उंचीपर्यंत उतार दिला. इथे थोडेसेच काढायचे असते, कारण सातपटीचा हिशेब आपल्या बाजूने काम करतो. मुलाने लांबीच कापा म्हटले. सुतारकाकांनी नकार दिला. टोप आखूड केला की चेंडू जिथे मधोमध लागतो ती जागाही वर-खाली होते आणि आधीच्या सवयीने खेळणारा फसतो. कडांना हात लावला तो फक्त खालच्या चार बोटांत. निघालेला भुसा वर्तमानपत्राच्या पुडीत गोळा केला होता. बॅट पुन्हा काट्यावर चढली, १,२५०. लाकडाचे बावन्न ग्रॅम, पेहरावाचे त्रेचाळीस, एकूण पंच्याण्णव. विटेवरची मोजणी आधी ८२०च्या आसपास होती, आता ७६०. मुलाला सव्वाशे हवे होते. काकांनी उरलेले तीस लाकडातून काढायला साफ नकार दिला आणि त्याचा वरचा हात धरून दांड्यावर दोन बोटे खाली सरकवला.

हा उपाय फुकटचा आहे आणि सगळ्यात जुना आहे. हात पाच सेंटिमीटर खाली आला की फिरवण्याचा विरोध दहा टक्क्यांहून जास्त घटतो, एक छिलका न काढता. लहानपणी थोरला भाऊ अजितची मोठी बॅट वापरल्यामुळे सचिनला दांडा खाली धरायची सवय लागली आणि ती शेवटपर्यंत राहिली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तीन पौंडांवरची बॅट तो कशी फिरवायचा, याच्या उत्तराचा निदान काही भाग त्या मुठीत आहे. अर्थात किंमतही मोजावी लागली. २००४ मध्ये टेनिस एल्बो, २००५ मध्ये लंडनला कोपराची शस्त्रक्रिया. त्या दुखण्याचे खापर एकट्या बॅटवर फोडणे बरोबर नाही, पण कोपर दुखू लागलेल्या पोराने ‘सचिनही भारी वापरायचा’ असे म्हणून रेटू नये.

मोठ्या खेळाडूंनाही कानसवाला लागतोच. मुंबईत मेट्रो सिनेमाच्या परिसरात अश्रफ चौधरी, खेळाडूंचे अश्रफ चाचा, यांच्या हाताखालून सचिन आणि विराट कोहलीच्या बॅटी गेल्या. कंपनीतून आलेली कोरी बॅट खेळाडूच्या हातात जाण्याआधी कुणाच्या तरी पॉलिशपेपरखालून जाते, हे टीव्हीवर दिसत नाही. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला, २०२४-२५ मध्ये पुन्हा जिंकला, त्यामुळे आता आमच्याकडची पोरेही लेदरच्या शिबिरांना नागपूरला जाऊ लागली आहेत. तिथे गेल्यावर त्यांना पहिला धक्का बसतो तो किमतीचा. जाड कडांची, फुगीर पाठीची आणि तरीही अकराशे ग्रॅमची इंग्लिश विलो. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या समितीने सांगितलेले आकडे असे आहेत की १९०५ मध्ये बॅटची कड सरासरी १६ मिलिमीटर होती, १९८० मध्ये १८ आणि अलीकडे ३५ ते ४०. कडा दुपटीने वाढल्या, वजन मात्र फारसे वाढले नाही. ही जादू निवडलेल्या हलक्या लाकडाची, कमी दाबण्याची आणि जास्त सुकवण्याची. पैसेवाला लाकूड न तासता हलकेपणा विकत घेतो. बाकीच्यांना कानस लागते.

सुकवण्यावरून दोन शब्द, कारण आमच्याकडची निम्मी नासधूस तिथे होते. धान खरेदी केंद्रावर ओलाव्याचे यंत्र सगळ्यांनी पाहिले आहे. सतरा टक्क्यांवर आकडा गेला की पोते परत. म्हणून लोक धान कडक उन्हात पसरतात, घाई करतात आणि राइस मिलमध्ये गेल्यावर कणी जास्त पडते. दाण्याला आतून चिरा गेलेल्या असतात. विलोचेही असेच. कारखान्यात पाते दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत हळूहळू आणतात. त्याखाली नेले तर एका टक्क्याला आठ-नऊ ग्रॅम उतरतात, म्हणजे आठ टक्क्यांवर आणून तीस-पस्तीस ग्रॅमची कमाई. ती पावसाळ्यात हवेतून परत येते, चिरा तेवढ्या कायम राहतात. टिनाच्या छपराखाली एप्रिलभर बॅट ठेवून तिला ‘हलकी’ करणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. तांदळाच्या कोठीत पुरून ठेवणारेही पाहिले. कोठीतल्या बॅटीचे काही बिघडत नाही, फक्त जेवणात विलोचा वास येतो.

बॅट जड होण्याचे खरे कारण बहुतेकदा उलटे असते, पाणी आणि तेल. हिवाळ्यात सकाळी सात वाजता दवाने भिजलेल्या बांधीत बॅट टेकवून उभे राहायचे. टोपाच्या उघड्या नळ्या ते पाणी वर ओढतात. टोप फुगतो, जड होतो आणि तोही अगदी सातपटीच्या जागी. सुतारकाकांनी टोपाच्या तळाला पातळ फेविकॉलचे दोन हात दिले ते यासाठीच.

तेल तर आमच्या घरचेच. धान उभा असतानाच त्यात जवस किंवा लाखोळी फेकायची, धान निघाला की ओलीवर ती येते. याला आम्ही उतेरा म्हणतो. ज्या बांधीत सामना होतो तिच्या शेजारच्या बांधीत फेब्रुवारीत जवसाची निळी फुले असतात आणि त्या फुलांच्या बियांचे तेल जगभरच्या बॅटींना लागते. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि लाकडाच्या तोंडाशी पापुद्रा धरते, हा त्याचा गुण. पण एकदा आत मुरलेले बाहेर येत नाही. घाण्यावरून आणलेले तेल घरात फुकट, म्हणून पोरे बॅट रात्रभर त्यात उभी करतात. सकाळी बॅट पन्नास ग्रॅमने जड आणि आवाजाला बद्द. कापसाच्या बोळ्याने चमचाभर, पाते आडवे ठेवून, वर्षातून दोन-तीनदा, एवढेच पुरे. प्लास्टिकचे आवरण असेल तर तेवढेही नको.

मधल्या चहात मुलाने विचारले, बांबूची बॅट का करत नाहीत, आपल्याकडे तर बांबू रग्गड. प्रश्न पोरकट नाही. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी बांबूच्या पट्ट्या चिकटवून बॅट केली. ती विलोपेक्षा ताठ निघाली आणि चेंडू चांगला मारण्याची जागाही तिच्यात मोठी होती. पण ती जड होती, आणि एमसीसीने नियमावर बोट ठेवले, कारण बांबू हे गवत आहे आणि पाते लाकडाचे हवे. गंमत अशी की बॅटची जाडी बांधणारा नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये लागू झाला आणि पुढच्याच महिन्यात आपल्या सरकारने वन कायद्यात दुरुस्ती करून जंगलाबाहेरच्या बांबूला ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळले. लॉर्ड्स आणि दिल्ली यांचे एवढे एकमत क्वचित होत असेल. बांधीतल्या सामन्याला दोन्ही कायदे लागत नाहीत, त्यामुळे कोणी बुरडकाका आणि सुतारकाका एकत्र बसवून प्रयोग केला तर मला बघायला आवडेल. हलकी होईल असे मात्र वाटत नाही.

संध्याकाळी बॅटला तेलाचा एक हात देऊन ती सावलीत आडवी ठेवली. काकांनी मजुरी घेतली नाही, भुशाची पुडी चुलीत टाकली. जाताना मुलाला म्हणाले, “हलका धान लवकर येते, तशी आता हेही लवकर येईल. पर पिकवायचं तुलेच हाये.” मंडईच्या दुसऱ्या दिवशी मी सामना बघायला थांबलो. मुलगा तिसऱ्या क्रमांकावर आला. आखूड चेंडूवर त्याची बॅट या वेळी वेळेवर वर गेली, चेंडू धुऱ्यावरून उभ्या भारी धानात पडला आणि तो शोधायला आत जायचे नाही या नियमामुळे सामना नवा चेंडू येईपर्यंत थांबला. पुढच्याच षटकात तो धावबाद झाला. त्यात बॅटचा काही संबंध नव्हता.

यंदा त्या मुलाच्या घरच्यांनी सामन्याची ती बांधी भारी धानाला दिली आहे. सामने डिसेंबरनंतर.